न शिकवलेला धडा : डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेलो होतो. माझी मामेबहीण जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंग शिकते. मी तिला ताई म्हणतो. रात्री जेवणे आटोपल्यावर ओट्यावर बसलो असता तिने वॉर्डातली एक हकीकत सांगितली. ती रात्रपाळीला असताना एका तृतीयपंथी व्यक्तीला तापाने फणफणलेल्या अवस्थेत रुग्णालयात आणले गेले. आता पुरुषांच्या वॉर्डात न्यायचे की बायकांच्या, असा प्रश्न पडला. पुरुषांच्या वॉर्डातले रुग्ण उठून बसले आणि हसू लागले. बायकांच्या वॉर्डातल्या नातेवाइकांनी कुरकुर केली. अखेर दोन्ही वॉर्डांमधल्या व्हरांड्यात खाट टाकली आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगली.

खरे सांगायचे तर ती हे सांगत असताना मीही हसलो. ताई हसली नाही. तिला नाडी बघता येते, इंजेक्शन देता येते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे हे तिला तोंडपाठ आहे. पण या माणसाला हाक कशी मारायची, त्याला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, केसपेपरवर काय लिहायचे, हे तिला कोणत्याही तासाला शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात तसे विचारले, तेव्हा सारा वर्ग माझ्यासारखाच हसला आणि तास पुढे सरकला.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण पुढे इतिहासाच्या तासाला सर हिटलरची जर्मनी शिकवत होते. १९३३ च्या मे महिन्यात बर्लिनच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेच होते. मी सहज विचारले, की सर, कोणती पुस्तके जाळली? सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, की अनेक थोर लेखकांची होती, पण त्यात एका डॉक्टरचे अख्खे ग्रंथालय होते, आणि ते डॉक्टर ज्या विषयावर शिकवीत त्या विषयाचे नाव आपल्याकडच्या वर्गात आजही कुणी घेत नाही. तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेलो. सरांनी डॉक्टरांचे नाव वहीत लिहून दिले. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परदेशी नावे वाचताना माझी जीभ अजून अडखळते. ते नाव होते माग्नुस हिर्शफेल्ड. त्यांच्याविषयी जे वाचावयास मिळाले, ते येथे मांडतो.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ रोजी बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबेर्ग या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. ते गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील हेर्मान हे गावातले नावाजलेले डॉक्टर. गावकऱ्यांनी पुढे त्यांचे स्मारकही उभारले. असा बाप असल्यावर मुलाने डॉक्टर व्हावे हे ओघानेच आले. पण माग्नुस यांनी आधी भाषा आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास सुरू केला होता. नंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १८९२ साली बर्लिनमध्ये पदवीधर झाले. आम्हा कला शाखेच्या मुलांना यात थोडेसे समाधान मिळण्यास हरकत नाही!

माग्डेबुर्ग शहरात त्यांनी दवाखाना काढला. तेथे त्यांच्याकडे एक तरुण लष्करी अधिकारी उपचारासाठी येत असे. त्याचे लग्न ठरले होते. लग्नाच्या आदल्या रात्री त्याने आपले जीवन संपवले आणि जाताना डॉक्टरांच्या नावे कागद ठेवून गेला. त्याला पुरुषांविषयी ओढ होती. हे त्याने आईवडिलांना कधी सांगितले नव्हते, सांगण्याचे धैर्यही नव्हते. आपली कहाणी जगाला कळावी, म्हणजे पुढच्यांवर ही पाळी येणार नाही, अशी त्याची इच्छा होती.

या ठिकाणी मला बराच वेळ पुढे वाचवले नाही. तो तरुण नियमितपणे डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत येऊन बसत होता. डॉक्टरही साधे नव्हते. स्वतः हिर्शफेल्ड समलिंगी होते. तरीही ते बोलणे वेळेवर झाले नाही. वैद्यकाच्या शिक्षणाने असे बोलणे कसे काढावे हे शिकवले नव्हते, उलट अशा माणसाला विकृत किंवा गुन्हेगार समजावे हेच शिकवले होते. जर्मन दंडविधानाचे १७५ वे कलम पुरुषापुरुषांतील संबंधाला तुरुंगवासाची शिक्षा सांगत होते. त्याच सुमारास, १८९५ साली, इंग्लंडात ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकाला याच कारणासाठी सक्तमजुरी झाली होती. या दोन घटनांनी हिर्शफेल्ड यांचे आयुष्य बदलले. १८९६ साली त्यांनी टोपणनावाने या विषयावर पहिली पुस्तिका लिहिली. पुढच्या वर्षी, १५ मे १८९७ रोजी, बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातील आपल्या राहत्या घरी तीन सहकाऱ्यांसह एक समिती स्थापन केली. विज्ञानाच्या वाटेने न्यायापर्यंत जायचे, असे तिचे ब्रीद होते. १७५ वे कलम रद्द करावे असा अर्ज समितीने जर्मन संसदेकडे धाडला. पुढे त्यावर हजारो नामवंतांनी सह्या केल्या. त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन होते, टोमास मान आणि हेर्मान हेस होते. संसदेने मात्र तो मानला नाही.

हिर्शफेल्ड यांची पद्धत मला विशेष वाटते. ते आधी मोजत आणि विचारत. लांबलचक प्रश्नावली छापून त्यांनी हजारो माणसांकडून भरून घेतल्या. १९०३-०४ मध्ये त्यांनी शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यालयातील सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना आणि नंतर धातुकामगारांना छापील प्रश्न पाठवले, की तुमची ओढ स्त्रियांकडे आहे, पुरुषांकडे आहे की दोघांकडे. उत्तर निनावी द्यायचे होते. थोड्या जणांनी पुरुषांकडे असे उत्तर दिले. पण काही विद्यार्थ्यांना नुसत्या प्रश्नानेच अपमान झाल्यासारखे वाटले. त्यांनी फिर्याद केली आणि न्यायालयाने डॉक्टरांना दोनशे मार्क दंड केला. प्रश्न विचारल्याबद्दल दंड!

येथे आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. त्यात वाचक आपल्या शरीराविषयीचे प्रश्न पाठवत आणि कर्वे सरळ शास्त्रीय उत्तरे देत. समलिंगी संबंधांविषयीच्या उत्तरांसह अशा प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. बर्लिनला दोनशे मार्क, मुंबईला दोनशे रुपये. आमच्या वर्गात बाबासाहेबांची जयंती थाटात होते. हा खटला मात्र मला या लेखाच्या निमित्तानेच कळला.

हिर्शफेल्ड यांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही, आणि त्या लपवाव्यात असे मला वाटत नाही. १९०७ साली एका बड्या सेनापतीच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात ते तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभे राहिले आणि भर न्यायालयात त्या सेनापतीला समलिंगी ठरवून मोकळे झाले. फेरखटल्यात त्यांना ते मत मागे घ्यावे लागले. समितीच्या देणग्या आटल्या. ज्यांच्यासाठी झटत होते त्यांच्यातलेच अनेकजण दुरावले, कारण आपलेही नाव एक दिवस असेच चव्हाट्यावर येईल अशी त्यांना धास्ती वाटू लागली. रुग्णाने किंवा कुणीही स्वतः सांगितल्याशिवाय त्याचे गुपित डॉक्टराने उघड करू नये, हा धडा त्यांना असा महागात पडला. महायुद्धानंतरच्या काळात व्हिएन्नाच्या श्टाइनाख या संशोधकाची अशी कल्पना होती, की दुसऱ्या पुरुषाच्या वृषणाचे रोपण केल्यास समलिंगी माणसाचा कल बदलेल. हिर्शफेल्ड तिच्यामागे गेले, काहींना त्यांनी त्या शस्त्रक्रियेकडे पाठवले, आणि ती निष्फळ ठरली. सुप्रजननाच्या त्या काळच्या विचारांनाही त्यांचा पाठिंबा होता.

गंमत अशी, की याच माणसाने १९१४ च्या आपल्या हजारएक पानी ग्रंथात त्याच्या नेमकी उलट उपचारपद्धती सांगून ठेवली होती. समलिंगी व्यक्ती डॉक्टरकडे आली तर तिला बदलण्याच्या फंदात पडू नये. आधी तिला सांगावे, की तू रोगी नाहीस, पापी नाहीस आणि एकटाही नाहीस. मग तिच्यासारख्या इतर माणसांची ओळख करून द्यावी, तिचा वेळ कामात आणि वाचनात जाईल असे पाहावे, आणि ती स्वतःला जशी आहे तशी स्वीकारू लागेपर्यंत सोबत राहावे. औषध काहीच नाही! मला वाटते, हे एक पान जरी ताईच्या वर्गात शिकवले असते तरी पुरे होते.

तृतीयपंथी म्हणा, पारलिंगी म्हणा, अशा व्यक्तींविषयीही त्यांचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. जन्माने मिळालेल्या लिंगाहून निराळा पोशाख करून राहणाऱ्यांवर त्यांनी १९१० साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हे लोक समलिंगी व्यक्तींहून वेगळे आहेत, दोघांना एकाच पोत्यात भरू नये, हे दाखवून दिले. रस्त्यावर असे कुणी दिसले की पोलीस धरून नेत. हिर्शफेल्ड यांनी पोलिसांशी बोलून अशी व्यवस्था करवली, की डॉक्टरांचा दाखला दाखवल्यास त्या व्यक्तीला पोलिसांकडून एक ओळखपत्र मिळावे आणि तिला कुणी अटकवू नये. डॉक्टरच्या सहीत किती बळ असते ते येथे दिसते.

६ जुलै १९१९ रोजी बर्लिनच्या टीअरगार्टन भागातील एका मोठ्या बंगल्यात त्यांनी लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. ती एकाच वेळी दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय आणि शाळा होती. गरिबांना सल्ला फुकट मिळे. विवाहापूर्वीचा सल्ला, संततिनियमन, गुप्तरोगांवरील उपचार, सगळे एका छताखाली. संस्थेच्याच अहवालानुसार पहिल्या वर्षात सुमारे साडेतीन हजार माणसे आली आणि अठरा हजार वेळा सल्ला दिला गेला. डॉक्टरांसाठी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने होत, परदेशांतून डॉक्टर पाहायला येत. समाजाने टाकलेल्या काही पारलिंगी स्त्रियांना संस्थेने घरकामासाठी नोकरीवर ठेवले होते, कारण बाहेर त्यांना कुणी काम देत नसे. आणि एक पेटी होती. लोकांनी चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहून त्यात टाकायचे; ठरलेल्या संध्याकाळी डॉक्टर त्या चिठ्ठ्या काढून सर्वांसमोर उत्तरे देत. आपल्या कॉलेजातही सूचनापेटी आहे. तिला कुलूप आहे आणि चिमण्यांनी वर घरटे केले आहे.

त्याच वर्षी त्यांनी एका चित्रपटाच्या निर्मितीला साहाय्य केले. एका समलिंगी व्हायोलिनवादकाला धमकावून पैसे उकळणारा गुंड आणि त्यातून झालेला वादकाचा अंत, अशी कथा होती. डॉक्टरांची भूमिका हिर्शफेल्ड यांनी स्वतः केली. पडद्यावरही ते व्याख्यानच देतात. १९२० साली चित्रपटावर बंदी आली, पण तीत एक सवलत होती. डॉक्टर आणि अभ्यासकांना तो पाहता येई. म्हणजे सरकारलाही पटले होते, की निदान डॉक्टरांना हे ठाऊक असावे.

बोलण्याची किंमत त्यांना अंगानेही मोजावी लागली. १९२० साली म्यूनिकमध्ये व्याख्यान देऊन निघताना गुंडांनी त्यांना इतके मारले, की वृत्तपत्रांनी ते वारल्याची बातमी छापली. आपला मृत्युलेख त्यांनी रुग्णालयात पडल्या पडल्या वाचला! बरे होऊन ते पुन्हा व्याख्यानांना लागले. १९२९ साली संसदेच्या समितीने १७५ वे कलम काढून टाकण्याच्या बाजूने कौलही दिला. बत्तीस वर्षांच्या कष्टाचे फळ हाताशी आले होते; पण कायदा होण्याआधीच राजकारण पालटले.

१९३० च्या अखेरीस ते जगाच्या प्रवासाला निघाले. अमेरिका, जपान, चीन असे करीत १९३१ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्ता, पाटणा, मुंबई अशा शहरांत ते फिरले, व्याख्याने दिली, अलाहाबादला नेहरूंच्या घरी पाहुणचार घेतला. वाटेत हिवतापाने त्यांना गाठले होते. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईने हिंदुस्थानची नालस्ती करणारे पुस्तक लिहिले होते, त्याचा त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात समाचार घेतला आणि आपल्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. चीनमध्ये त्यांना ली श्यू-तोंग हा वैद्यकाचा तरुण विद्यार्थी भेटला. तो शिष्य आणि जीवनसाथी म्हणून अखेरपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला.

युरोपात परतले, पण जर्मनीत पाऊल ठेवणे शक्य राहिले नव्हते. ज्यू, समलिंगी आणि वर सुधारक! ६ मे १९३३ रोजी सकाळी शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे विद्यार्थी बँड वाजवत संस्थेवर चालून गेले. दारे फोडली, शाईच्या दौती ओतल्या, तसबिरी पायदळी तुडवल्या. दुपारी हिटलरचे स्वयंसेवक आले आणि हजारो पुस्तके मालमोटारींत भरून घेऊन गेले. १० मे च्या रात्री विद्यापीठासमोरच्या चौकात ती इतर पुस्तकांसह जाळली. हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळाही मिरवत आणून त्या आगीत टाकला. रुग्णांनी विश्वासाने भरून दिलेल्या प्रश्नावल्या, तीस-पस्तीस वर्षांच्या नोंदी, सगळ्याची वाताहत झाली. पॅरिसमधल्या एका चित्रपटगृहात बसून डॉक्टरांनी बातमीपटात ही होळी पाहिली.

संस्था फोडणारे ते हात वीस-बावीस वर्षांच्या कॉलेजकुमारांचे होते. त्यांच्याकडेही वह्या असतील, परीक्षा असतील, घरून मनिऑर्डर येत असेल. मी हायस्कूलला असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या चालण्याची आम्ही रोज नक्कल करत असू. नववीनंतर तो शाळेत आला नाही. त्यावेळी बँड नव्हता एवढेच.

१४ मे १९३५ रोजी, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस शहरात हिर्शफेल्ड यांचे निधन झाले. काही आठवड्यांतच नाझी सरकारने १७५ वे कलम आणखी कडक केले आणि त्याखाली पुढील दहा वर्षांत सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. हजारोंना छळछावण्यांत धाडले. ते कलम जर्मनीच्या कायद्यातून संपूर्णपणे गेले १९९४ साली. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी असणे रोगांच्या यादीतून काढले तेही १९९० मध्ये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा असे कलमच आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महाविद्यालयांना कळवले, की या लोकांविषयी पुस्तकांत आणि शिकवण्यात हीन शब्द नसावेत. आणि त्याच आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेर काढलेल्या नव्या अभ्यासक्रमात स्त्री-स्त्रीमधील संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत घातले होते! ओरड झाली तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेतला. म्हणजे एका पिढीचे डॉक्टर काय शिकणार, हे एका परिपत्रकावर हेलकावे खाते.

ली श्यू-तोंग यांनी गुरूचे उरलेसुरले कागद एका पेटीत भरले आणि पुढची सुमारे साठ वर्षे देशोदेशी सांभाळले. १९९३ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ते वारले, तेव्हा ती पेटी इमारतीच्या कचऱ्यात गेली. एका शेजाऱ्याने ती उचलून ठेवली म्हणून आज बर्लिनच्या अभ्यासकांना ते कागद पाहता आले.

लेख लिहून झाल्यावर मी तो ताईला फोनवर वाचून दाखवला. ती रात्रपाळीला निघायच्या घाईत होती, तरी तिने शेवटपर्यंत ऐकले. प्रश्नांच्या पेटीचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग तिने दिवाळीत न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. त्या रात्री केसपेपरवर आधारकार्डावरचे पुरुषी नाव लिहिलेले होते आणि त्या नावाने हाक मारली की खाटेवरून उत्तर येत नव्हते. पहाटे चारला ताप मोजायला गेल्यावर ताईने हळूच विचारले, की तुम्हांला काय म्हणू? उत्तर आले. ताईने ते नाव केसपेपरवर कंसात पेन्सिलीने लिहिले, ताप एकशे एकावर उतरल्याची नोंद केली आणि खिडकीच्या गजाला टांगलेली बाटली बदलली. आठ वाजता पाळी संपवून ती निघाली तेव्हा ते नाव कुणी खोडलेले नव्हते.